नापोली २०२२-२३: २७ सामन्यांत ७१ गुण, मग उरलेल्या ११ मध्ये १९च कसे?

नऊनंबरी

इटलीच्या सेरी आ फुटबॉल लीगमधल्या नापोलीचा २०२२-२३ चा सीझन पहिल्या सामन्यापासून पुन्हा बघायला घेतला आहे. १९ मार्चला तोरिनोला त्यांच्याच मैदानावर ४-० हरवलं, तोपर्यंतचा हिशोब असा: २७ सामने, २३ विजय, २ बरोबरी, २ पराभव, ७१ गुण. ६४ गोल केले, १६ खाल्ले. दुसऱ्या क्रमांकावरचा लाझिओ १९ गुणांनी मागे.

सीझन संपला तेव्हा ९० गुण, ७७ गोल केलेले, २८ खाल्लेले. वजाबाकी केली की शेवटच्या ११ सामन्यांत फक्त १९ गुण, १३ गोल केले आणि १२ खाल्ले. सामन्यामागे २.६३ गुणांवरून १.७३ वर. गोल तर निम्म्यावर.

यावर नेहमीची तीन उत्तरं ऐकू येतात. 'थकले', 'स्कुदेत्तो (लीगचं विजेतेपद) खिशात पडल्यावर ढिले पडले', 'स्ट्रायकर ओसिमेन जखमी होता'. तिन्ही थोडी थोडी खरी असतील, पण मैदानावर नेमकं काय बिघडलं हे त्यातून कळत नाही. म्हणून तीन प्रश्न:

१) प्रशिक्षक स्पालेत्तीच्या ४-३-३ मध्ये एप्रिलमध्ये कोणता सांधा निखळला?

२) हे दिसावं म्हणून कोणते सामने बघू आणि बघताना नजर कुठे ठेवू? सगळे ३८ पुन्हा बघणं आता होणार नाही.

३) ३० एप्रिलला सालेर्निताना सामना बरोबरीत सुटल्यावर नापोली १८ गुणांनी पुढे होता आणि ६ सामने बाकी होते. तरी विजेतेपद जाहीर का झालं नाही? आपसातले सामने बघून ठरत नव्हतं का?

---

आकडेमोड्या

आधी तुमचे ११ सामने एकत्र बांधू नका, सगळी गफलत तिथेच आहे. मध्ये ४ मे २०२३ ची रेघ ओढा, म्हणजे उदीनेमध्ये १-१ होऊन स्कुदेत्तो पक्का झाला तो दिवस.

रेघेच्या अलीकडे ६ सामने: मिलान ०-४, लेच्चे २-१, वेरोना ०-०, युव्हेंतुस १-०, सालेर्निताना १-१, उदिनेसे १-१. गुण ९. गोल केले ५, खाल्ले ७.

रेघेच्या पलीकडे ५ सामने: फिओरेंतिना १-०, मोन्झा ०-२, इंटर ३-१, बोलोन्या २-२, साम्पदोरिया २-०. गुण १०. गोल केले ८, खाल्ले ५.

म्हणजे विजेतेपद मिळाल्यानंतर सामन्यामागे २ गुण आणि मिळायच्या आधी १.५. 'खिशात पडल्यावर ढिले पडले' हे उत्तर इथेच बाद. घसरण झाली ती २ एप्रिल ते ४ मे या महिनाभरात, विजेतेपद हातात नसताना.

आता त्या ६ सामन्यांतले ५ गोल कुणाचे ते बघा. लेच्चेत दी लोरेन्झो आणि एक स्वयंगोल, तुरीनमध्ये रास्पादोरी ९०+३ व्या मिनिटाला, सालेर्नितानाविरुद्ध ओलिवेरा, उदीनेत ओसिमेन. दोन फुलबॅक, एक प्रतिस्पर्धी, आणि आघाडीच्या फळीचे मिळून दोन. १९ मार्चनंतर लीगमध्ये डावा विंगर क्वारात्स्खेलिया म्हणजे क्वारा याचा एकही गोल नाही. ओसिमेनचे एकूण २६, त्यातले २१ मार्चअखेर झालेले होते.

'थकले'बद्दल एक उलटा पुरावा. ऑक्टोबर २०२२ मध्ये नापोली १ तारखेपासून २९ तारखेपर्यंत लीग आणि चॅम्पियन्स लीग मिळून ८ सामने खेळला: तोरिनो ३-१, आयाक्स ६-१, क्रेमोनेसे ४-१, आयाक्स ४-२, बोलोन्या ३-२, रोमा १-०, रेंजर्स ३-०, सासुओलो ४-०. आठही जिंकले, २८ गोल. एप्रिलमध्ये २ ते २३ या २२ दिवसांत ६ सामने होते. वेग साधारण तोच, निकाल बघा कुठे गेले. थकवा होता असं म्हणायला हरकत नाही, पण सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

विश्वचषकाचंही तेच. लीग १३ नोव्हेंबर ते ४ जानेवारी अशी साडेसात आठवडे बंद होती, पण कतारला नापोलीचे गेले पाचच जण: किम, अंगिसा, झिएलिन्स्की, लोझानो, ओलिवेरा. इटली, नायजेरिया, जॉर्जिया, स्लोव्हाकिया, कोसोव्हो, उत्तर मॅसिडोनिया यांतलं कुणीच पात्र ठरलं नव्हतं, त्यामुळे ओसिमेन, क्वारा, लोबोत्का, रहमानी, एल्मास आणि सगळे इटालियन मोकळे होते. बाकी मोठ्या क्लबांच्या मानाने नापोलीचे पाय ताजेच म्हणायचे.

---

रेजिस्ता

सांधा निखळला तो मधल्या फळीतल्या लोबोत्कापाशी. आणि तो निखळवला मिलानचा प्रशिक्षक पिओलीने, १७ दिवसांत तीनदा: २ एप्रिलला लीगमध्ये, १२ आणि १८ एप्रिलला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत.

आधी चांगल्या दिवसांत यंत्र कसं चालायचं ते डोळ्यासमोर आणा. गोलरक्षक मेरेतकडे चेंडू. सेंटरबॅक रहमानी आणि किम पेनल्टी पेटीच्या दोन्ही कडांना फाकलेले. लोबोत्का त्यांच्या पुढे, प्रतिस्पर्ध्याच्या पहिल्या फळीच्या पाठीमागे. डावीकडे झिएलिन्स्की थोडा वर, क्वारा टचलाईनला चिकटून. उजवीकडे अंगिसा किंचित खाली, आणि उजवा फुलबॅक दी लोरेन्झो कधी बाहेरून तर कधी आतून वर सरकणारा. पास किमकडून लोबोत्काकडे यायचा. तो अर्धवट वळलेल्या अंगानेच चेंडू घ्यायचा आणि पहिल्याच स्पर्शात प्रेस करणाऱ्याला पाठीवर टाकून मोकळा व्हायचा. १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस, पण त्याच्या अंगावर धावून जाणं म्हणजे एक खेळाडू वाया घालवणं.

२ एप्रिलला पिओलीने दोन गोष्टी केल्या. फेब्रुवारीपासून चालवलेला तिघांचा बचाव मोडून ४-२-३-१ वर परत आला. आणि बेनासेरला, जो मुळात खालचा मिडफिल्डर, दहा नंबरच्या (स्ट्रायकरमागच्या) जागेवर नेऊन ठेवला. काम एकच: लोबोत्का जाईल तिथे जायचं. मागे तोनाली आणि क्रुनिच. उजवीकडे ब्राहिम दियाझ, जो क्वाराकडे चेंडू गेला की खाली येऊन उजवा फुलबॅक कालाब्रियाला साथ द्यायचा.

लोबोत्काला असं बांधलं की नापोलीकडे चार वाटा उरतात. प्रत्येक वाट का बंद झाली ते बघण्यासारखं आहे.

पहिली वाट म्हणजे सेंटरबॅकने चेंडू घेऊन स्वतः पुढे जायचं. एक जण लोबोत्कावर खर्च झाला म्हणजे कुणीतरी मोकळा राहणारच, आणि तो बहुतेक वेळा किम. किम जायचाही, भन्नाट जायचा. पण तो मधल्या रेघेपलीकडे गेला आणि चेंडू गमावला की मागे रहमानी एकटा, दोन्ही फुलबॅक वर, आणि मिलानच्या डाव्या पट्ट्यात त्यांचा विंगर लेआओ उभा. मिलानला हेच हवं होतं. २ एप्रिलचे गोल: लेआओ १७', दियाझ २५', लेआओ ५९', सालेमाकर्स ६७'.

दुसरी वाट, झिएलिन्स्कीला खाली आणून लोबोत्काच्या शेजारी उभं करायचं. बेनासेर एकटा दोघांना धरू शकत नाही. स्पालेत्तीने हे मधून मधून करून पाहिलंही. किंमत अशी की झिएलिन्स्की खाली आला की डाव्या हाफस्पेसमध्ये (मध्य आणि विंग यांच्या मधल्या पट्ट्यात) क्वाराच्या जवळ कुणी उरत नाही. मग क्वारासमोर कालाब्रिया, त्याच्या आतल्या बाजूला दियाझ किंवा तोनाली, आणि पास द्यायला फक्त डावा फुलबॅक मारियो रुई मागे. एकास दोन.

तिसरी वाट उजवीकडून. लोबोत्काने मुद्दाम डावीकडे सरकून बेनासेरला ओढून न्यायचं आणि रहमानीने मधल्या मोकळ्या गल्लीतून थेट अंगिसाला पास द्यायचा. हे जमलं तेव्हा नापोली धोकादायक दिसला. पण रहमानीचा पास किमइतका धीट नाही, त्यामुळे दहातून दोन-तीनदाच.

चौथी वाट सगळ्यात साधी आणि सगळ्यात महत्त्वाची: उंच लांब चेंडू ओसिमेनकडे. ओसिमेन असला की समोरची बचावफळी त्याच्या पाठीमागच्या धावेच्या भीतीने पाच-सात मीटर मागे राहते. फळी मागे राहिली की तिच्यात आणि वर प्रेस करणाऱ्यांत अंतर पडतं, आणि त्या अंतरात लोबोत्काला श्वास घ्यायला जागा मिळते. म्हणून 'लोबोत्काला बांधलं' आणि 'ओसिमेन नव्हता' ही दोन कारणं वेगळी मोजू नका. २ एप्रिलला आणि १२ एप्रिलला तो मैदानात नव्हता. चौथी वाट बंद, त्यामुळे मिलानचे सेंटरबॅक केअर आणि तोमोरी बिनधास्त वर येऊन उभे राहिले आणि उरलेल्या तीन वाटा आपोआप अरुंद झाल्या.

---

टचलाईन

रेजिस्ता, मांडणी पटली पण एक अडतं. सप्टेंबरमध्येही ओसिमेन नव्हता. ७ सप्टेंबरला लिव्हरपूलविरुद्ध मांडी धरून बाहेर गेला तो थेट १२ ऑक्टोबरला आयाक्सविरुद्ध बदली म्हणून उतरला. मधल्या लीग सामन्यांचे निकाल: स्पेझिया १-०, सान सिरोवर मिलान २-१, तोरिनो ३-१, क्रेमोनेसे ४-१. चारात चार. मिलानला हरवणारा गोल सिमेओनेचा, ७८ व्या मिनिटाला. मग 'तो नसला की वाट बंद' हे तेव्हा का लागू पडलं नाही?

माझं मत असं की प्रश्न एका माणसाचा नव्हता, एकाच वेळी किती जण बाहेर याचा होता. हा बाक एका वेळी एक खांब काढून घेतला तर पुरायचा:

ओसिमेन बाहेर (सप्टेंबर): सिमेओने आणि रास्पादोरी. चाललं.

रहमानी बाहेर (९ ऑक्टोबरला क्रेमोनात दुखापत, मग विश्वचषकापर्यंत): जुआन जेझुस किमच्या शेजारी. चाललं.

अंगिसा बाहेर (ऑक्टोबरमध्ये काही आठवडे): एन्दोम्बेले. चाललं.

क्वारा बाहेर (नोव्हेंबरमध्ये पाठीमुळे): एल्मास. अटालांटाविरुद्ध विजयी गोल त्याचाच, उदिनेसेविरुद्धही एक.

आता १२ एप्रिलची यादी: ओसिमेन नाही, सिमेओनेही नाही, म्हणून एल्मासला मधोमध खोटा नऊ नंबर (खाली येऊन खेळणारा स्ट्रायकर) करून उतरवलं. ७४ व्या मिनिटाला अंगिसाला दुसरं पिवळं, बाहेर. किमला पिवळं, स्पर्धेतलं तिसरं, म्हणजे परतीच्या सामन्याला बंदी. १८ एप्रिलला त्यामुळे किमच्या जागी जुआन जेझुस, अंगिसाच्या जागी एन्दोम्बेले. त्यात ३४ व्या मिनिटाला मारियो रुई आणि पोलितानो दोघेही एकदमच जखमी होऊन बाहेर. पर्यायी खेळाडू तेच, ऑक्टोबरमध्ये चालले तेच. फक्त ते एकटे एकटे न येता सगळे मिळून आले.

४३ व्या मिनिटाचा गोल त्याचा नमुना आहे. एन्दोम्बेले मिलानच्या अर्ध्यात चेंडू गमावतो, लेआओ आपल्या अर्ध्यातून सुटतो आणि जवळजवळ सगळं मैदान कापून स्ट्रायकर जिरूला रिकाम्या जाळ्यासमोर चेंडू देतो. अंगिसा असता तर तो चेंडू गेला नसता असं म्हणत नाही. गेल्यावर मागे धावून लेआओला खांदा लावायला कुणी तरी असतं, एवढंच.

---

रेजिस्ता

मुद्दा चांगला आहे, अर्धा मान्य. तुमची यादी मी माझ्या उत्तरात घ्यायला हवी होती.

पण सप्टेंबरचा मिलान आणि एप्रिलचा मिलान हे वेगळे संघ समजा. १८ सप्टेंबरला लेआओ निलंबित होता. म्हणजे नापोलीचे फुलबॅक वर गेले तरी मागची शिक्षा देणारा माणूसच नव्हता. आणि तेव्हा लोबोत्कावर कायमचा पहारेकरी बसवायची कल्पना कुणी एवढ्या कडकपणे राबवलेली नव्हती. सीझनच्या सुरुवातीला लोक नापोलीला जुन्या नजरेने बघत होते: कुलिबाली चेल्सीला गेला, इन्सिन्ये टोरोंटोला, मेर्टेन्स गेला, फाबियान रुईझ पॅरिसला, म्हणजे संघ कमकुवत झाला असाच सगळ्यांचा समज. त्यांच्या जागी आलेल्यांवर गृहपाठ कुणाचाच झालेला नव्हता. बातुमीहून सुमारे एक कोटी युरोत आलेल्या क्वारावर तर अजिबातच नाही. एप्रिलपर्यंत २७ सामन्यांचं चित्रण सगळ्यांकडे होतं.

बेनासेरची युक्ती नवी नाही. नवं हे की पिओलीने तिच्यासाठी आपला एक चांगला बांधणी करणारा खेळाडू वाया घालवला आणि चेंडू नापोलीकडे राहू दिला. बाकी संघांना तेवढा धीर नव्हता, किंवा लेआओसारखा माणूस नव्हता.

---

नियमावली

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण यात बरेच जण फसतात.

२०२२-२३ पासून सेरी आचा नियम बदलला. पहिल्या जागेसाठी दोन संघांचे गुण सारखे झाले तर आपसातले सामने बघून विजेता ठरवायचा नाही, दोघांत एक निर्णायक सामना खेळवायचा. ९० मिनिटं, बरोबरी झाली तर जादा वेळ न देता थेट पेनल्टी. याला तिकडे स्पारेज्जो म्हणतात. १७ व्या आणि १८ व्या जागेवर सारखे गुण आले तर उतरणीसाठीही तेच. बाकीच्या जागांना, म्हणजे युरोपच्या तिकिटांना वगैरे, जुनाच आपसातल्या सामन्यांचा नियम.

आता ३० एप्रिलचा हिशोब. ३१ सामन्यांनंतर नापोली ७८, लाझिओ ६१. त्या दिवशी साडेबाराला इंटरने लाझिओला ३-१ हरवलं. लाझिओ ६१ वरच, ६ सामने बाकी, कमाल ७९. नापोली जिंकला असता तर ८१ आणि काम फत्ते. ६२ व्या मिनिटाला ओलिवेराने कॉर्नरवरून हेडर मारला, ८४ व्या मिनिटाला सालेर्नितानाच्या दियाने बरोबरी केली. नापोली ७९. कागदावर लाझिओ अजूनही ७९ गाठू शकत होता, आणि ७९-७९ म्हणजे स्पारेज्जो. म्हणून जाहीर झालं नाही. तो सामना शनिवारचा होता, मुद्दाम रविवारी दुपारी इंटर-लाझिओच्या नंतर ठेवला होता, म्हणजे शहरात एकदाच बंदोबस्त लावून काम उरकेल. दियाने ते नियोजन पाण्यात घातलं.

३ मे रोजी लाझिओने सासुओलोला २-० हरवलं: ६४, सामने ५, कमाल पुन्हा ७९च. नापोलीला फक्त १ गुण हवा होता. ४ मे, उदीने: लोव्रिच १३', ओसिमेन ५२'. १-१. नापोली ८०. पाच सामने राखून तिसरा स्कुदेत्तो, १९८६-८७ आणि १९८९-९० नंतरचा.

गंमत म्हणजे आपसातले सामने धरले असते तरी चटकन सुटलं नसतं. नापोलीने रोममध्ये २-१ जिंकला होता आणि ३ मार्चला घरी ०-१ हरला होता, वेसिनोच्या गोलवर. एकेक विजय, गोल २-२.

नवा नियम वापरायची वेळ त्याच सीझनमध्ये आली, पण खालच्या टोकाला. स्पेझिया आणि वेरोना दोघेही ३१ गुणांवर थांबले. ११ जूनला रेज्जो एमिलियात सामना झाला, वेरोना ३-१ ने जिंकला आणि स्पेझिया सेरी बीमध्ये गेला.

त्या वर्षीचा तक्ता वाचताना आणखी एक काळजी घ्या. युव्हेंतुसचे १५ गुण २० जानेवारीला कापले, २० एप्रिलला परत दिले, २२ मे रोजी १० कापले. त्यामुळे जानेवारी ते एप्रिल या काळातला कुठलाही जुना तक्ता उघडलात तर दुसऱ्या-तिसऱ्या जागेचं चित्र शेवटच्या तक्त्याशी जुळणार नाही. युव्हेंतुस ६२ वर संपला. १० परत जोडले तरी ७२. नापोलीच्या विजेतेपदाला यातून काही धक्का लागत नाही.

---

नऊनंबरी

नियमावली, ७९-७९ चं आता नीट कळलं. मी जुन्या नियमानेच विचार करत होतो.

रेजिस्ता आणि टचलाईन, मग १८ एप्रिलचं काय? त्या दिवशी ओसिमेन सुरुवातीपासून होता. चौथी वाट उघडी होती. तरी गोल पडला तो ९०+३ ला. आणि त्याआधी लीगमध्ये वेरोनाशी ०-० कसं? वेरोना तर तळाशी झगडणारा संघ.

---

टचलाईन

वेरोनाचा सामना मोजूच नका. १५ एप्रिल, दोन मिलान सामन्यांच्या मधला शनिवार. अर्धा संघ बदललेला, क्वारा आणि ओसिमेन बाकावर, दोघे दुसऱ्या अर्ध्यात उतरले. स्पालेत्तीने ते दोन गुण जाणूनबुजून पणाला लावले. एवढी आघाडी हाताशी असताना तसं करणं बरोबरच होतं.

१८ एप्रिल मात्र वेगळी गोष्ट. पहिला सामना १-० जिंकल्यामुळे मिलानला गोल करायची गरजच नव्हती. ते वर येऊन प्रेस करायचं सोडून आपल्या पेटीसमोर बसले. पाठीमागे जागाच नाही म्हटल्यावर ओसिमेनची धाव कुठे जाणार? अशा वेळी लागतं ते दोन्ही बाजूंनी रुंदी आणि पेटीत दुसरा माणूस. पोलितानो आणि मारियो रुई बाहेर गेल्यावर कॉर्नर आणि क्रॉस मारणारे दोन चांगले डावे पाय गेले. लोझानो वेगवान आहे, पण वेग मोकळ्या जागेत कामाचा.

तरी संधी आली होती. ८२ व्या मिनिटाची पेनल्टी क्वाराने मारली, मिलानचा गोलरक्षक मेन्यांने अडवली. पहिल्या अर्ध्यात मेरेतनेही जिरूची पेनल्टी अडवलेली होती, हे लोक विसरतात.

---

रेजिस्ता

त्याला जोडून: क्वाराचे गोल मार्चनंतर आटले याचं कारणही याच महिन्यात सापडतं. हिवाळ्यापर्यंत त्याला एकास एक मिळायचं, कारण दुसरा बचावपटू आत झिएलिन्स्कीकडे बघत असायचा. मिलानने कालाब्रियाला सांगितलं की उडी मारायची नाही, फक्त बाहेरच्या बाजूला रेटत राहायचं, आणि आत वळायची गल्ली दुसऱ्याने बंद करायची. क्वारा दोन्ही पायांनी खेळतो म्हणून बाहेरही जातो, पण बाहेरून येणारा क्रॉस पेटीत ओसिमेन असेल तरच उपयोगी. पुन्हा तीच गाठ.

आता बघायची यादी. क्रमाने बघा, उलटसुलट नको:

१३ जानेवारी, नापोली ५-१ युव्हेंतुस. यंत्र पूर्ण जोरात. इथे फक्त ओसिमेन आणि ब्रेमरमधलं अंतर बघा. चेंडू नापोलीच्या अर्ध्यात असतानाही युव्हेंतुसची फळी किती खोल गेली आहे ते लक्षात येईल.

४ जानेवारी, इंटर १-० नापोली. सीझनमधला लीगचा पहिला पराभव, त्याआधी १५ सामन्यांत ४१ गुण. जेकोचा ५६ व्या मिनिटाचा हेडर सोडून द्या. इंटरचे दोन स्ट्रायकर किम-रहमानीवर धावून न जाता लोबोत्काकडे जाणारी पासची रेघ कशी झाकतात ते बघा. पिओलीच्या योजनेची ही सौम्य आवृत्ती म्हणता येईल.

२ एप्रिल, नापोली ०-४ मिलान. पहिली २५ मिनिटंच, पण दोनदा. पहिल्यांदा फक्त बेनासेर आणि लोबोत्का. चेंडू कुठे आहे ते विसरा. दुसऱ्यांदा चेंडू गमावल्याच्या क्षणी थांबवा आणि दी लोरेन्झो कुठे आहे ते बघा. आणखी एक, आवाज ऐका. त्या दिवशी कुर्वातल्या (गोलमागच्या स्टँडमधल्या) समर्थकांनी क्लबविरुद्ध निषेध म्हणून पाठिंबा देणं बंद ठेवलं होतं, आणि माराडोना स्टेडियम इतकं शांत क्वचितच ऐकायला मिळतं.

१२ एप्रिल, मिलान १-० नापोली. पहिल्या २० मिनिटांत नापोली उत्तम खेळला, क्वारा आणि एल्मासच्या अदलाबदलीने मिलान गोंधळला. ४० व्या मिनिटाला दियाझ आपल्या अर्ध्यात गिरकी घेऊन सुटतो, लेआओकडे, तिथून बेनासेर, गोल. म्हणजे ज्याला पहारेकरी म्हणून पुढे उभं केलं तोच पेटीत पोचलेला पहिला माणूस. लोबोत्कावर लक्ष ठेवायला बेनासेर आहे, पण चेंडू फिरला की बेनासेरवर कोण, याचं उत्तर नापोलीकडे नव्हतं.

२३ एप्रिल, युव्हेंतुस ०-१ नापोली. हा जरूर बघा, कारण इथे स्पालेत्तीने संयम दाखवला. पेटीत ओसिमेन आणि रास्पादोरी दोघे, एल्मासचा क्रॉस लांबच्या खांबाला, रास्पादोरीची व्हॉली. त्याच्या थोडं आधी दी मारियाचा गोल व्हीएआरने (व्हिडिओ पंचांनी) रद्द केला, बांधणीत लोबोत्कावर फाऊल झाल्यामुळे. कुणी कुणाला पाडलं ते बघा, म्हणजे तोपर्यंत सगळ्या इटलीला काय कळलं होतं ते लक्षात येईल.

---

आकडेमोड्या

यादीत ४ मे नंतरचा एक तरी घाला. २१ मे, नापोली ३-१ इंटर. अंगिसा ६७', लुकाकू ८२', दी लोरेन्झो ८५', गाएतानो ९०+४'. मिलानने केलं ते इंटरला का जमलं नाही हे त्यात दिसेल. इंटरचा एक जण पहिल्या अर्ध्यातच लाल कार्ड घेऊन गेला होता हे मात्र धरून चाला.

आणि रेजिस्ता, तुमच्या यादीत ४ जानेवारी हा १३ जानेवारीच्या खाली आलाय. 'क्रमाने बघा' म्हणून वर लिहिलंत.

---

रेजिस्ता

क्रम तारखेचा नाही हो, आधी यंत्र चालताना बघायचं, मग अडताना. लिहायला हवं होतं, चूक माझी.

गाएतानोचा सामना घातला.

---

नऊनंबरी

आज २ एप्रिलची पहिली २५ मिनिटं दोनदा बघून झाली. दुसऱ्या गोलच्या आधी दी लोरेन्झो खरंच वर अडकलेला दिसतो. पण पहिल्या गोलच्या वेळी मला मारियो रुईची बाजू उघडी वाटली, दियाझ तिकडूनच वळून सुटतो आणि मग चेंडू पलीकडे लेआओकडे जातो. म्हणजे चेंडू गेला डाव्या बाजूने आणि शिक्षा झाली उजवीकडे. हे दी लोरेन्झोच्या खात्यावर टाकायचं की मारियो रुईच्या?

---

टचलाईन

दोघांच्याही नाही. दियाझ वळला तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला जो असायला हवा तो लोबोत्का, आणि तो त्या क्षणी बेनासेरला घेऊन दहा मीटर वर गेलेला आहे. थांबवून बघा.